नाचणीचं सुतक

स्फटिकाचा घात झाला तेव्हा सुदर्शन बैलगाडा शर्यतीचं निवेदन करत होता. जवळपास गाडे पळवायचा घाट नव्हता, बैल नव्हते, आणि प्रेक्षक म्हणून एकट्या कोंडाबाई होत्या. त्यांच्या हातात फरशीचं फडकं होतं.

घोडेगावहून शिनोलीकडे जाताना एक लांबलचक पत्र्याचं गोदाम लागतं. पूर्वी तिथं हिरडा साठवायचे. आता एका ट्रस्टचं संशोधन केंद्र आहे आणि आत एक जुनं क्ष-किरण यंत्र आहे. ट्रस्टने हौसेने रस्त्यावर पाटी लावली आणि तिच्यावर 'एक्स-रे' हा शब्द सगळ्यात मोठा काढला. तेव्हापासून लोक गुडघे, मनगटं आणि एकदा लंगडणारी शेळी घेऊन यायला लागले. सुदर्शन तिथं प्रकल्प सहायक होता. प्रत्यक्षात त्याचा अर्धा दिवस हे समजावण्यात जायचा की या यंत्राला गुडघा दिसत नाही, प्रोटीन दिसतं, आणि तेही स्फटिक झालेलं असलं तर.

"मग गुडघ्याचा करा की स्फटिक," असं एक गृहस्थ म्हणाले होते. 

केंद्रातलं प्रोटीन नाचणीचं होतं, आणि नाचणी कोंडाबाईंची. कोंडाबाई केंद्रात झाडलोट करायच्या. त्यांची वाडी शिनोलीच्या वर, डोंगराच्या अंगाला. त्यांच्या वरकस तुकड्यात एक काळपट नाचणी व्हायची, जिला कधी किडा लागत नसे. का लागत नाही, हे तेजस्विनी मॅडमना शोधायचं होतं. मॅडम पुण्याहून यायच्या. काम ऐकायला सोपं होतं. दाण्यातलं ते प्रोटीन वेगळं काढायचं, खाऱ्या द्रावणाच्या थेंबात ठेवून त्याचा खडा वाढवायचा, खड्यातून क्ष-किरण पाठवायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून प्रोटीनची घडण ओळखायची. मात्र खडा काही होत नव्हता. कुठल्या थेंबात गाळ, कुठल्यात नुसतं मीठ, कुठल्यात काहीच नाही. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर एका थेंबात एकुलता एक धड खडा दिसला. साखरेच्या दाण्याहून लहान, पण कडा अशा की कुणी पैलू पाडून ठेवलाय.

सुदर्शनने कोंडाबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. "मावशी, बघा तुमची नाचणी."

कोंडाबाईंनी एक डोळा गच्च मिटून पाहिलं. "ही माझी?"

"तुमचीच. घरची."

"मंग हालत का न्हाई?"

"झोपलाय तो. जिवंत असतो, मावशी. त्याच्या अंगात निम्मं पाणीच असतं. उघड्या हवेवर काढला की कोरडा पडून मरतो बिचारा."

कोरडं पडण्याचं खरं होतं. जिवंत असण्याचं सुदर्शनने गंमत म्हणून घातलं. तो पुष्कळ गोष्टी गंमत म्हणून सांगायचा. कोंडाबाई त्यातली एकही गंमत म्हणून ऐकत नसत.

बाकी जगात असे खडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि निर्धास्त होतात. मॅडमना ते नको होतं. गोठवलं की प्रोटीन आखडतं, त्याची नेहमीची हालचाल दिसत नाही, असं त्या म्हणायच्या. शिवाय त्या भागात द्रव नायट्रोजन फक्त गुरांच्या डॉक्टरकडे होता, आणि त्याच्या डब्यात आधीच नामांकित वळूंचं वीर्य राहत होतं. म्हणून खडा खोलीच्या तापमानालाच यंत्रावर बसवायचा. सुईच्या टोकाला केसाएवढ्या धाग्याचा फास असतो. त्यात खडा अलगद उचलायचा आणि वरून शेवयीएवढी पारदर्शक नळी चढवायची. नळीच्या बंद टोकाला आधीच एक थेंब ठेवायचा, म्हणजे आत दमटपणा राहतो. मग बूड हवाबंद करायचं. थेंब मात्र ज्या खाऱ्या द्रावणात खडा वाढला त्याचाच हवा. बस, एवढंच.

बूड बंद करायचं ग्रीस नेमकं संपलेलं होतं. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या आणि खड्याचा थेंब आटत चालला होता.

"काय चिकटवायचंय?" कोंडाबाईंनी विचारलं.

"असं काहीतरी, ज्यातून हवा जाणार नाही."

त्यांनी कनवटीची एक चिमुकली पितळी डबी काढली. आत कुंकवाने लालसर झालेलं मेण होतं. "आमी कपाळाला आधी ह्ये लावतो, मग त्याच्यावर कुंकू. दिसभर उन्हात खुरपा, हालायचं न्हाई. बगा जमतंय का."

जमलं. रिकाम्या नळीवर लावून पाहिलं तर मेण छान बसलं. सुदर्शनला इतका आनंद झाला की त्याच्या अंगात त्याचा चुलता चांगदेव शिरला. चांगदेव चुलते कळंब-मंचरच्या बाजूला शर्यतींच्या घाटात माईकवर बसायचे आणि त्यांचा आवाज सुदर्शन हुबेहूब काढायचा.

"आला, आला, आला! कळंबकरांचा गाडा आला हो! उजवीला चिमटा, डावीला नळी, मंडळी, निशाणाकडं लक्ष द्या. आणि झाली, झाली, झाली, भिर्रर्र झाली!"

कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. टेबलावर दोन सारख्याच बाटल्या होत्या. एकीत खारं द्रावण, दुसरीत फास धुवायचं साधं पाणी. 'भिर्रर्र'च्या भरात नळीतला थेंब घ्यायला हात दुसरीकडे गेला.

साध्या पाण्याचा थेंब बंद नळीत काही वाईट वागत नाही. त्याची नुसती वाफ होते. ती वाफ खड्याभोवतीच्या खाऱ्या पाण्यात जाते, ते पातळ होत जातं, आणि खडा कडेकडेने विरघळायला लागतो. अगदी सावकाश. कुणाला त्रास न देता.

सकाळी मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं, मग परत चष्मा लावून पाहिलं. फासात नुसता ओला ठिपका होता.

"सुदर्शन, हे बुडाशी लाल काय आहे?"

"कोंडाबाईंचं मेण, मॅडम. ग्रीस संपलं होतं."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटत राहिली.

"म्हणजे कुंकू गेलं आत? अरे, त्यात हळद असते, चुना असतो, आणि आता तर काय काय रंग असतात. या खड्याचं काही उरणार होतं का?"

तेव्हाच सुदर्शनची नजर टेबलावर गेली. खाऱ्या द्रावणाच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं. साध्या पाण्याच्या बाटलीचं उघडं. 

"मॅडम, मी..."

"तू काही मनाला लावून घेऊ नकोस. मदत म्हणून घेतलंस, कळतंय मला. तुझा करार वाढवायचं पत्र मी या आठवड्यात देणार आहे, ते देईनच."

माणसाला फाडून खाल्लं तर तो खरं बोलून जातो. मॅडम नेमक्या प्रेमाने बोलल्या. सुदर्शनने तोंड मिटलं.

मग मॅडमनी कोंडाबाईंना हाक मारली आणि त्यांच्याशीही प्रेमानेच बोलल्या. "मावशी, आता काही दिवस आत येऊ नका. कशाला हात लावू नका. बाहेर व्हरांडा तेवढा बघा."

"खडा गेला?"

"गेला."

"माज्या मेणानं?"

"असू दे. तुम्हाला काय माहीत असणार?"

कोंडाबाईंनी सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शन वर पंख्याकडे पाहत होता, जसं काही पंख्याने त्याला काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई आल्या त्या मोकळ्या कपाळाने. केसांना तेल नाही, फणी नाही. व्हरांड्याच्या अगदी कडेला बसल्या. पाणी प्यायला पेला घरून आणला होता.

"मावशी, बरं नाही का?"

"सुतक हाये."

"अरेरे. कोण गेलं?"

कोंडाबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "तुमीच इचारताय?"

मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात कुठं फट नव्हती. नाचणी घरची, म्हणजे खडा घरचा. खडा जिवंत व्हता, असं तुमीच सांगितलं. तो माज्या मेणानं गेला. मॅडमनी आत येऊ नका, कशाला हात लावू नका, म्हणून सांगितलं. "मला वाटलं, बाई पुण्याची, पर रीत म्हाईत हाये तिला."

सुदर्शनला फक्त चार शब्द म्हणायचे होते. ते त्याच्या जिभेवर आले, तिथं थोडा वेळ उभे राहिले आणि परत आत गेले.

"चहा घेणार का?" तो म्हणाला.

"तुमी घ्या. मला शिवू नगा."

सुतकाची गोष्ट व्हरांड्यावर राहिली असती तर निभलं असतं. पण कोंडाबाईंना शिनोलीत मीठ-मिरची आणायला जावं लागलं. तिथल्या बायकांनी मोकळं कपाळ पाहिलं आणि त्यांच्या हातातल्या भाज्या हातातच राहिल्या.

"कोण गेलं गं?"

"घरातलं," कोंडाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

भल्या माणसांनी यापुढं काही विचारायचं नसतं. कुणी विचारलंही नाही. कोंडाबाईंच्या घरात दोनच माणसं होती, त्या आणि नवरा सावळेराम, आणि सावळेराम बरेच दिवस दिसला नव्हता. तो जुन्नरच्या पार पूर्वेला, आण्याच्या पठारावर लेकीकडे गेला होता. तिथं त्याच्या फोनला रेंज नव्हती. हे मात्र कुणी ध्यानात घेतलं नाही. फ्लेक्स छापणारा भरत दुःखात वेळ दवडणाऱ्यातला नव्हता. त्याच्याकडे सावळेरामचा एका लग्नातला फोटो होता, तो श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गॉगलसकट वापरावा लागला.

सावळेराम शिनोलीत एसटीतून उतरला तो स्वतःच्या समोरच. दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला.

"सुदर्शन तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी सावळेराम. वारलोय मी."

"बसा," सुदर्शन म्हणाला. दुसरं काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

सावळेराम बसला. उंच, हाडकुळा, तब्येतीने ठणठणीत. "यष्टीतनं उतारलो तर म्होरं मीच. गॉगल लावल्याला. खाली दशक्रियेची तारीख. म्हणलं, आपल्याला कुनी इचारलं बी न्हाई राव. घरी गेलो तर सोयरे पिठलं-भाकर घेऊन बसल्याले. मला बघून एकानं किंकाळी फोडली. दुसरा म्हणला, आलाच हाये तर जेव. माज्याच मयताचं पिठलं खाल्लं मी. चांगलं झालं व्हतं, खोटं कशाला बोलू."

सुदर्शनला हसू आलं आणि ते घशातच मेलं, कारण सावळेरामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"लोकांचं जाऊ द्या. दोन दिस हिंडलो की दिसंल समद्यांना. पर तिचं काय करू? म्हणती, माज्या हाताला गुण न्हाई. बियाणाच्या कणगीला हात लावंना. ज्या हातानं दाना मेला त्या हातानं पेरू कसं, म्हणती. औंदा टाकूनच द्या, म्हणती. आवो, ती काळी नाचणी तिच्या आईकडनं आल्याली. वाडीत दुसऱ्या कुनाकडं न्हाई ती आता. एक साल पेरली न्हाई तर गेली." तो पुढं झुकला. "तुमी शिकल्याले. तिथं हजर व्हता. खरंच मेणानं झालं का ह्ये? तुमी न्हाई म्हणला तर ऐकंल ती. लई भरवसा तुमच्यावर."

"तपास चालू आहे," सुदर्शन म्हणाला.

तपास चालू नव्हता. आरोपी, साक्षीदार आणि तपास अधिकारी एकाच खुर्चीत बसले होते, आणि खुर्ची टोचत होती.

सावळेराम गेल्यावर मात्र त्याने तपास खरोखरच केला. एका टाकाऊ थेंबात बारीकसा, मोडका खडा होता. त्याने तो फासात उचलला, नळीत खाऱ्या द्रावणाचा थेंब ठेवला आणि बूड टेबलावरच राहिलेल्या त्याच डबीतल्या मेणाने बंद केलं. दुसऱ्या दिवशी खडा होता तसा होता. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तसाच. मेण निर्दोष सुटलं. निकाल फक्त न्यायाधीशाला माहीत होता आणि न्यायाधीशाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला मॅडम आल्या तेव्हा त्याने सुरुवात केली. "मॅडम, ते मेणामुळे झालं नसेल कदाचित."

मॅडमनी हातातली वही बाजूला ठेवली. "तू फार चांगला मुलगा आहेस. त्या बाईंना वाचवायला बघतोयस."

"तसं नाही, मॅडम."

"राहू दे. पत्र दिलंय मी तुझं."

अर्धं खरं बोलल्यावर माणसाची किंमत वाढते, हा शोध सुदर्शनला नको असताना लागला. त्याने पत्र मिळाल्याचे आभार मानले. आभार मानताना स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. आता तो कुणाच्या नकलाही करत नव्हता. केंद्रात शांतता पसरली होती. गुडघेवाले लोकही लवकर उठून जायचे.

कोंडाबाई व्हरांड्यावरूनच म्हणाल्या, "दहाव्याला या. घोड नदीवर. तुमच्यासमोर गेला तो, तुमी पायजे."

"येतो," तो म्हणाला. येत नाही असं म्हणण्यासारखं त्याच्याकडे एकही कारण नव्हतं, एक सोडून.

नदीकाठी तो पोचला तेव्हा तिथं जत्रेएवढी माणसं होती. फ्लेक्सवर तारीख तीच होती, त्यामुळे सावळेरामच्या दशक्रियेलाही लोक आले होते. सावळेराम स्वतः वाटेवर उभा राहून त्यांना हात जोडत होता. "या, या. बसा सावलीला." काही जण त्याला पाहून परत फिरले, पण बहुतेक बसले. एवढ्या लांबून आल्यावर माणूस बसतो. प्रवचन झालं. मग एक पुढारी उठले. सावळेरामला समोर बघून ते क्षणभर थबकले, पण भाषण पाठ होतं आणि पुढं अजून दोन दशक्रिया होत्या.

"सावळेरामअण्णांच्या जाण्याने शिनोली पंचक्रोशीची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे," ते म्हणाले.

सावळेरामच्या डोळ्यांत पाणी आलं. हयातीत कुणी त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

या सगळ्या गर्दीच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी कडेला, कोंडाबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पानावर पिंड होता. काळ्या नाचणीच्या पिठाचा. शेजारी वाडीतले जख्ख म्हातारे रखमाजी काठी टेकून उभे होते. कोंडाबाईंनी हात जोडले आणि त्या मागं सरकल्या. सुदर्शनने आकाशाकडे पाहिलं. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी कावळा येऊ नये, असं त्याला फार वाटलं. कावळा अडून बसला असता तर लोकांनी विचारलं असतं, कुणाचं काय राहिलंय, कोण काय लपवतंय, आणि मग कदाचित आपोआप निघालं असतं.

कावळा तत्काळ आला. कोंडाबाई पुरत्या मागं सरकल्याही नव्हत्या. त्याने चोच मारली, मान वाकडी केली, परत चोच मारली. मग भाऊबंदांना बोलावून आणलं.

"काय बी विच्छा राह्यली न्हाई बग," रखमाजी म्हणाले.

कोंडाबाई रडायला लागल्या. आवाज न करता. "बगा. त्याचा राग न्हाई माज्यावर. मी जीव घेतला त्याचा, आन तो रागावला बी न्हाई."

तेवढ्यात कुणीतरी माईकवरून सांगितलं की संशोधन केंद्रातून पाव्हणे आले आहेत, ते श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतील. माईक हातोहात सुदर्शनकडे आला. माईक हातात आला की या मुलाला काय काय सुचतं हे कळंबपासून शिनोलीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पुढची पोरं आधीच हसायच्या तयारीत होती.

"मेणाने काही झालेलं नाही," सुदर्शन म्हणाला.

स्पीकर कोंबडा आरवल्यासारखा किंचाळला आणि मग तुटक-तुटक चालत राहिला.

"खडा मी मारला. नळीत खारं पाणी घालायचं असतं, मी साधं घातलं. कॉमेंट्री करत होतो, त्यात बाटली चुकली. मला दुसऱ्याच सकाळी कळलं होतं. मी बोललो नाही. मावशींच्या मेणावर आलं, मी येऊ दिलं. त्यांच्या हाताचा काही दोष नाही. मेण मी तपासूनही बघितलंय." मग त्याला आणखी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण पुढचं सगळं स्वतःच्या बाजूचं येत होतं. त्याने माईक खाली ठेवला.

पुढारी टाळ्या वाजवायला गेले आणि थांबले.

कोंडाबाईंनी डोळे पुसले. त्या उठल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी तुमी रोज बगत व्हता."

"हो, मावशी."

"मी तिथं कडंला बसायची. पेला येगळा घेऊन. तुमी येत-जात बगत व्हता."

"हो."

"आन चहा इचारत व्हता."

"तेही."

"मला सांगून काय उपेग," कोंडाबाई म्हणाल्या. "त्या बाईला सांगा आधी."

त्याने तिथूनच फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. 

"मी त्यांना बाहेर बसवलं, सुदर्शन," मॅडम म्हणाल्या. त्याला वाटलं होतं त्या खड्याबद्दल बोलतील. "पत्राचं आपण समोर बसून बोलू. मी येते. आधी त्यांच्या घरी जाईन."

इकडे गर्दी पांगली होती आणि जाताना निकाल घेऊन गेली होती. माईकवरचं मागच्या लोकांना तुटक ऐकू आलं होतं. त्यांनी ते आपापल्या परीने जुळवलं. वाडीवर पोचेपर्यंत असं ठरलं की केंद्रातल्या पोराने चुकीचं पाणी पाजलं आणि त्यात सावळेराम गेला. पोराने गुन्हा कबूल केलाय, माईकवर, सगळ्यांदेखत. सावळेराम शेजारीच उभा होता, या तपशिलाने कुणाचं काही अडलं नाही.

हे कानावर आलं तेव्हा कोंडाबाईंनी पदर खोचला. "चला."

"कुठं?"

"घरोघर. जे पिठलं-भाकर घेऊन आलं त्या परत्येकाच्या दारात. तुमी सांगायचं. मी उभी ऱ्हाणार. मला लोकांनी इचारलं तवा मी काय बी सांगू शकले न्हाई. आता तुमी सांगा."

ते निघाले. पुढं कोंडाबाई, मागं सुदर्शन, आणि पुरावा म्हणून सावळेराम. चढ उभा होता. वाटेत कोंडाबाई एकदाही मागं वळल्या नाहीत. एकदा त्याने विचारलं, "मावशी, यंदा पेरणार ना?"

"ते माजं मी बगीन."

पहिल्या दारात बाईने चहा ठेवला आणि सगळं ऐकून विचारलं की मग आमच्या म्हातारीच्या गुडघ्याचं कधी होईल. दुसऱ्या दारात माणसाने खाऱ्या पाण्याचं नीट समजून घेतलं, दोन वेळा मान हलवली, आणि सुदर्शन दिसेनासा होईपर्यंत मुलांना घराबाहेर सोडलं नाही. त्यापुढच्या दारात कुणी त्याला बस म्हणालं नाही. ते सगळ्यात सोपं गेलं.

रखमाजी ओट्यावर बसले होते. नदीवरून त्यांना कुणीतरी गाडीवर आणून सोडलं होतं. सुदर्शन खाली उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. दोन बाटल्या, चुकलेला हात, विरघळलेला खडा, मोकळं कपाळ, आणि आपण गप्प बसलो ते. म्हाताऱ्याने डोळे मिटून, कानामागं हात धरून, शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं नीट कुणीच ऐकलं नव्हतं.

"आस्सं," रखमाजी म्हणाले. "म्हंजी मेणाचा दोष न्हाई."

"नाही, बाबा."

"कोंडाच्या हाताचा बी न्हाई."

"अजिबात नाही."

"तुझा हाये."

"माझा आहे."

म्हाताऱ्याने समाधानाने मान डोलावली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने समोर उभ्या सावळेरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काठी त्याच्या दिशेने केली.

"समदं कळलं. पर मंग ह्यो गेला कशानं?"

सावळेरामने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. कोंडाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या, पदराने वारा घेतला आणि नदी सोडल्यापासून पहिल्यांदाच सुदर्शनच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाल्या, "परत सांगा. पयल्यापासनं."

"मी चुकीचं पाणी घातलं," सुदर्शनने सुरुवात केली. दर दारात पहिलं वाक्य हेच होतं, आणि अजून ते जिभेला सरावलं नव्हतं.